आठनंतरचा एसी

सेतुमाधव राव माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं: "तुम्ही महाराष्ट्राचे कां? मग मराठी येतच असेल की थोडं थोडं."

मी सांगलीची. चेन्नईत येऊन चार दिवस झाले होते आणि अंबत्तूरच्या ऑफिसातला तो माझा पहिलाच दिवस होता. ओळखपत्रासाठी फोटो द्यायला म्हणून अ‍ॅडमिनच्या खोलीत गेले, तर टेबलामागे साठीला टेकलेले एक गृहस्थ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर अंगारा-अक्षतेची काळी रेघ आणि तांबडा ठिपका. त्यांनी माझा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, आडनावापाशी थबकले आणि थेट मराठीत सुरू झाले. शब्द सगळे आपलेच, पण चाल अस्सल तमिळ. 'मी गेलों, मी आलों' यातले अनुस्वार तर इतके स्पष्ट की मला हसूच फुटलं.

"हसायला काय झालं मा?" त्यांनी विचारलं. हे 'मा' म्हणजे तमिळ माणसाने आपल्याहून लहान बाईला लावलेली माया.

"नाही, तुमचं मराठी जरा वेगळं वाटलं."

"वेगळं नव्हे, जुनं. आमचे लोक साडेतीनशे वर्षांमागे तंजावरला आले. येतांना भाषा बरोबर आणली, ती नीट जपून ठेवली. तुम्ही मागे राहिलांत, रोज वापरून वापरून झिजवून टाकलीत."

एवढं बोलून त्यांनी माझ्या फोटोची कड कात्रीने सरळ केली. स्टुडिओवाल्याने ती वाकडी कापली आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आमची कंपनी परदेशातल्या दवाखान्यांचे विम्याचे कागद तपासायची. राव सर तिथे अ‍ॅडमिन ऑफिसर होते. खुर्च्या, ट्यूबलाइट, पाण्याचे कॅन, गाड्या, झुरळांचं औषध, सगळं त्यांच्याकडे. वेस्ट मांबलमहून निघून, पार्क स्टेशनला उतरून, पूल चढून सेंट्रलला दुसरी गाडी पकडायची आणि अंबत्तूरला उतरायचं, हा त्यांचा कैक वर्षांचा रस्ता. त्यांना वस्तूंवर चिठ्ठ्या लावायचा नाद होता. कपाटावर 'कपाट २', पंख्याच्या बटनाखाली 'पंखा, हळू फिरतो', आणि एका खिडकीवर 'उघडत नाही, प्रयत्न करू नये'. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाखालीही चिठ्ठी होती, 'तीन मिनिटं पुढे'. घड्याळ दुरुस्त का करत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "असकं ऑफिस मागे आहे. एक तरी वस्तू पुढे असूंदे."

'असकं' म्हणजे सगळं. असे शब्द मला त्यांच्याकडून मिळत गेले. बदल्यात मी त्यांना सांगलीकडचे चार शब्द दिले. त्यातला 'लई' त्यांना फार आवडला. मग तो ते कुठेही घालायचे. "आज ट्रेन लई मा."

बारा चाळीसला ते जेवत. बारा पस्तीस नाही, पावणेएक नाही. स्टीलचा तीन मजली डबा, सर्वांत खाली दहीभात. वरच्या मजल्यात त्यांच्या बायकोने, अंबुजाबाईंनी, माझ्यासाठी काहीतरी जास्तीचं घातलेलं असे. आणि एकला दहा कमी असताना राव सर उठत, स्टेशनरीच्या खोलीत जात, कागदांच्या खोक्यांमध्ये ठेवलेल्या एका खुर्चीवर बसत, डोळ्यांवर हातरुमाल टाकत आणि बरोबर वीस मिनिटं झोपत. गजर नाही, काही नाही. एक दहाला रुमाल घडी होऊन खिशात. अख्ख्या मजल्याला हे ठाऊक होतं. त्या वेळात स्टेपलरच्या पिना संपल्या तरी कोणी तिकडे फिरकत नसे.

"लहान मुलासारखे झोपता की हो तुम्ही," मी म्हटलं होतं.

"झोपत नाहीं. डोळ्यांना सुट्टी देतों," ते म्हणाले. "बाकी असकं कामावर असतं."

त्यांचं हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग कंपनीला आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

बंगळूरहून नवीन एचआर मॅडम आल्या. नंदिनी मॅडम. वाईट बाई नव्हत्या. मनापासून हसायच्या आणि जे बोलायच्या त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास असायचा. अडचण तिथेच होती. त्या आल्यावर महिन्याभरात भिंतीवर हसऱ्या चंद्राचं चित्र लागलं, पँट्रीत फळांची परडी आली, बुधवारी झुंबा आणि शुक्रवारी सकाळी सातला योग सुरू झाला. सातला! आमची कामाची वेळ कागदावर साडेनऊ ते साडेसहा. पण आपली संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ होते, आणि तिकडचे लोक ताजेतवाने होऊन कॉल लावतात. ते कॉल दहा-साडेदहापर्यंत चालत. घरी जाऊन आडवं होईतो बारा वाजत. मग मोबाइल उजळे. कंपनीचाच मेल असे, 'शांत झोपेसाठी दहा सवयी.' त्यातली पहिली सवय, झोपण्यापूर्वी मोबाइल बघू नये.

मग पट्टे आले. मनगटाला बांधायचे. चाललेली पावलं मोजत, झोपलेले तास मोजत आणि सगळं परस्पर ऑफिसच्या संगणकावर पाठवत. दर महिन्याला ज्याची झोप सर्वांत चांगली त्याला करंडक, त्यावर पितळेचा चंद्र. या सगळ्याचा मेळ ठेवायला कोणीतरी जबाबदार माणूस हवा होता. नंदिनी मॅडमनी चिठ्ठ्या लावलेली खोली पाहिली आणि राव सरांना 'वेलनेस समन्वयक' करून टाकलं.

राव सरांनी ते काम तितक्याच गंभीरपणे घेतलं जितक्या गंभीरपणे ते झुरळांचं औषध मारून घ्यायचे. पट्ट्यांवर नंबर टाकले, वही आखली. झुंब्याच्या दिवशी ते दाराशी उभे राहून हजेरी मांडत. स्वतः कधी नाचले नाहीत, पण पाय मात्र ताल धरायचा.

पहिल्या महिन्यात पावलांमध्ये तेच पहिले आले. जिममध्ये जाणारी, बाटल्यांतून हिरवं काहीतरी पिणारी पोरं मागे पडली. नंदिनी मॅडमनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं, माइक दिला आणि म्हणाल्या, "सर, तुमचं रहस्य सांगा."

राव सरांनी माइककडे पाहिलं. "पार्क स्टेशनचा पूल, मॅडम," असं म्हणून माइक परत दिला. एवढंच भाषण.

पुढच्या महिन्यात कंपनीने विश्रांतीची खोली करायचं ठरवलं. मंद दिवे, मऊ मण्यांनी भरलेल्या बसायच्या पिशव्या, सुगंधी तेलाची बाटली. जागा शोधता शोधता ती निघाली स्टेशनरीची खोली. खोके तळमजल्यावर गेले, राव सरांची खुर्चीही गेली. दारावर त्यांनीच चिठ्ठी लावली, 'विश्रांती खोली. अ‍ॅपवर नोंद करूनच आत यावे.'

त्या दिवशी जेवण झाल्यावर एकला दहा कमी असताना ते उठले, चार पावलं गेले आणि थांबले. मग परत येऊन माझ्या शेजारी बसले.

"मा, तें अ‍ॅप जरा दाखव."

मी दाखवलं. त्यात नाव, वेळ आणि कारण भरायचं होतं. कारणाच्या रकान्यात सर एका बोटाने टाइप करू लागले. 'झोप.' पाठवलं. उत्तर आलं, 'तुमची विनंती वरिष्ठांच्या मंजुरीसाठी पाठवली आहे.' मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आली.

"काल दुपारच्या झोपेला आज परवानगी मिळाली," ते म्हणाले. "आतां काल परत आणायला कोणाकडे अर्ज देऊं?"

खरं सांगायचं तर त्या खोलीत कोणीच जात नव्हतं. कोण किती वेळ आत होतं ते मॅनेजरला दिसायचं. 'फारच थकलेला दिसतोस, काम झेपत नाही का?' हा प्रश्न कोणाला हवा होता? खोली दिवसभर मंद दिव्यात सुवासिक होऊन रिकामी पडून राहायची. शेवटी एका दुपारी राव सर नोंद न करता आत गेले. त्या बसक्या पिशवीत बसले, रुमाल टाकला. नेमक्या त्याच दिवशी मोठ्या ऑफिसातले पाहुणे ही खोली पाहायला आले होते. मॅडमनी दार उघडलं आणि पाहुण्यांना आत एक म्हातारा समन्वयक पिशवीत रुतून झोपलेला दिसला.

विश्रांतीच्या खोलीत विश्रांती घेतली म्हणून राव सरांना लेखी समज मिळाली. एवढ्या वर्षांतली पहिली. त्यांनी ती दोनदा वाचली, एका ठिकाणी तारखेत चूक होती ती पेन्सिलीने दाखवली, दुरुस्त करून आणायला परत पाठवली आणि नवी प्रत आल्यावर फाइलला लावली. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. पण त्या दिवसापासून दुपारी ते झोपले नाहीत. टेबलाशी डोळे उघडे ठेवून बसायचे, आणि चारच्या सुमारास हिशेबात चुकायचे. मला ते दिसायचं. मी काही बोलले नाही.

आता प्रभाकरनबद्दल सांगायला हवं. प्रभाकरन आमच्या मजल्यावरचा टीम लीडर, वय तिशीच्या आत, राहायला माझ्यासारखाच वेलचेरीत. आईवडील गावी, इथे तो आणि त्याची आजी. मेहनती, हसरा, आणि डोळ्यांखाली कायम काळं. त्याची टीम सर्वांत उशिरा निघायची. ऑफिसची गाडी सगळ्यांना सोडत सोडत तासभर घेते म्हणून तो स्वतःची बाइक आणायचा. आणि तरीही झोपेचा करंडक लागोपाठ दोन महिने त्यालाच मिळाला. रोज नऊ तासांच्या वर झोप, तीही 'उत्तम' दर्जाची.

करंडक देताना मॅडम म्हणाल्या, "बघा, व्यग्र माणसालाही झोपता येतं. फक्त इच्छा हवी."

राव सर वहीत ते मांडून घेत होते. मांडता मांडता त्यांचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पट्ट्यांचा तक्ता दाखवला. "हें बघ मा. मंगळवारी दुपारी दोन ते चार, प्रभाकरन गाढ झोपेत. आणि त्याच मंगळवारी तीन वाजतां तो माझ्यासमोर उभा राहून एसीचा फॉर्म देऊन गेला."

हा एसीचा फॉर्म म्हणजे राव सरांचं खास खातं. आमच्या इमारतीचा एसी रात्री आठला बंद व्हायचा. त्यानंतर हवा असेल तर कोणती टीम, किती माणसं, किती वाजेपर्यंत, हे लिहून मॅनेजरच्या सहीने त्यांच्याकडे द्यायचं. ते सही करत, खाली इलेक्ट्रिशियनला कळवत.

"मग पट्टा कोणाच्या हातात आहे?" मी विचारलं.

त्यांनी वही मिटली. जेवणाच्या वेळी शेजारच्याच टेबलाशी बसलेल्या प्रभाकरनकडे गेले आणि तमिळमध्ये विचारलं, "आजी कशी आहे रे तुझी?"

प्रभाकरनचा घास हातातच राहिला. "बरी आहे सर."

"झोप लागते?"

"लागते सर. छान लागते."

"लागते, माहीत आहे मला. दुपारीसुद्धा लागते."

पोरगं लाल झालं. मग हळूच म्हणालं, "सर, माझा पट्टा मी बांधला तर कमी झोप म्हणून रोज लाल दिसेल. लाल दिसलं की मॅनेजर बोलावतात, वेळेचं नियोजन शीक म्हणतात. त्याच्या वर्गाला बसवतात. तो वर्गही सहानंतर असतो."

राव सरांनी त्याच्या डब्यात आपल्यातली भाजी वाढली आणि परत आले. "आजीची झोप आहे," एवढंच मला म्हणाले. "खोटी तर नाहीं. कोणाची तरी खरीच आहे." वहीतला आकडा त्यांनी तसाच राहू दिला.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांतली गोष्ट. गुरुवारचा कॉल लांबला. प्रभाकरन बाइकवरून निघाला आणि बायपासवर त्याचा डोळा लागला. गाडी दुभाजकावर गेली. हेल्मेट होतं म्हणून वाचला. खांद्यापाशी गळ्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही ऑफिसात आलो तेव्हा अर्ध्यांना हे कळलं होतं, अर्ध्यांना नव्हतं. आणि सगळ्यांच्या संगणकावर पट्ट्यांच्या यंत्राने आपोआप पाठवलेला मेल पडला होता. कालच्या रात्रीची सर्वोत्तम झोप, प्रभाकरन. खाली हसरा चंद्र.

राव सरांनी तो मेल उभ्या उभ्या वाचला. मग खुर्चीत बसले. बारा चाळीस झाले, एक वाजला, डबा उघडला नाही.

संध्याकाळी ते हॉस्पिटलमध्ये निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. प्रभाकरन औषधाने गुंगीत होता. बाहेर बाकावर त्याची आजी बसली होती, हातभर लहानशी बाई, नऊवारीसारखं नेसलेली, पांढरे केस, आणि मनगटावर तो काळा पट्टा. राव सर तिच्या शेजारी बसले. तिने त्यांचा हात धरला.

"सर, तो म्हणाला पाटी, हे काढू नकोस, तू झोपलीस की मला ऑफिसात चांगलं म्हणतात. म्हणून मी झोपत होते. झोप आली नाही तरी डोळे मिटून पडत होते." ती तमिळमध्ये बोलत होती, पण तेवढं मला कळायला लागलं होतं; 'पाटी' म्हणजे आजी. "त्याची झोप मीच घेतली का हो सर?"

राव सर तिच्या मनगटावरचा पट्टा सोडवू लागले. कधी न गडबडणारा तो माणूस, पण पट्ट्याचं बक्कल काही त्यांना निघेना. शेवटी निघालं. त्यांनी तिच्या मनगटावरचा वळ अंगठ्याने चोळला.

"नाही पाटी," ते म्हणाले. "तुमची झोप तुमचीच. सह्या आमच्या होत्या."

परत येताना गाडीत ते एवढंच बोलले, तेही माझ्याकडे न पाहता. "मला ठाऊक होतं मा. मी भाजी वाढून परत आलों."

पुढच्या आठवड्यात वेलनेसची मासिक बैठक होती. शाखाप्रमुख सुंदरेसन सर, नंदिनी मॅडम, पाच-सहा मॅनेजर आणि नोंदी घ्यायला मी. विषय होता, 'सुरक्षित वाहन चालवणे, एक कार्यशाळा'. मॅडमनी पडद्यावर हेल्मेटचं चित्र लावलं होतं. राव सर आले ते दोन्ही हातांत फाइली घेऊन. मग बाहेर जाऊन आणखी दोन आणल्या. टेबलावर ढीग झाला.

"हे काय राव?" सुंदरेसन सरांनी विचारलं.

"झोपेचा रिपोर्ट, सर."

"तो संगणकावर आहे ना?"

"संगणकावर प्रभाकरनच्या आजीचा आहे, सर. आपला इथे आहे." त्यांनी पहिली फाइल उघडली. "हे आठनंतरच्या एसीचे फॉर्म. कोण किती वाजेपर्यंत बसलं, असकं यात आहे. माणसांची नावं, मॅनेजरची सही, त्याखाली माझी सही. प्रभाकरनचं नाव शोधायला कष्ट नाहीत, कुठलंही पान काढा."

ते बोलत इंग्रजीतच होते, पण 'असकं' मधेच तसंच आलं. बाकीच्यांना वाटलं काहीतरी तांत्रिक शब्द असावा.

एक मॅनेजर म्हणाले, "राव, क्लायंटची वेळ आपल्या हातात नाही."

"असेल सर. मला त्यातलं कळत नाही. मी अ‍ॅडमिनचा माणूस. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत." त्यांनी चष्मा काढला. "पट्टा कोणाच्या हातात आहे ते मला महिन्याभरापासून माहीत होतं. मी बोललो नाही. त्याबद्दल मला दुसरी समज द्या. तारीख नीट घाला."

कोणी हसलं नाही. नंदिनी मॅडम टेबलाकडे पाहत होत्या.

"दुसरी गोष्ट?" सुंदरेसन सर म्हणाले.

"एसीचा फॉर्म जुना झाला होता. नवा छापला आहे."

त्यांनी प्रत्येकासमोर एक कागद ठेवला. वरचं सगळं तसंच होतं. खाली तीन रकाने नवे होते. हा माणूस आज सकाळी किती वाजता आला? आज घरी कसा जाणार? उद्या किती वाजता परत यायचा आहे? आणि सर्वांत खाली एक ओळ, 'वरील वेळांच्या मध्ये या माणसाला पुरेशी झोप मिळते, असे मी सांगतो.' त्यापुढे मॅनेजरच्या सहीसाठी जागा.

"यावर सही कशी करायची?" एक जण म्हणाला. "म्हणजे उद्या काही झालं तर ते माझ्यावर येणार?"

"हो सर," राव सर म्हणाले. "आत्तापर्यंत ते प्रभाकरनवर येत होतं."

सुंदरेसन सरांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग नंदिनी मॅडमनीच तोंड उघडलं. "फॉर्म बदलायचा अधिकार अ‍ॅडमिनला आहे," त्या म्हणाल्या. "मी तपासलंय." तपासलं केव्हा, कोण जाणे. पण त्या बाईबद्दलचं माझं मत त्या क्षणी बदललं.

नवा फॉर्म सोमवारपासून लागू झाला. सोमवारी एकही आला नाही. मंगळवारी एक आला, त्यावर शेवटची सही नव्हती. राव सरांनी 'अपूर्ण' अशी चिठ्ठी लावून परत पाठवला. बरोबर आठला एसी थांबला, आणि पंधरा मिनिटांत चेन्नईच्या हवेने सगळ्यांना घरी घालवलं. त्या आठवड्यात एक गंमत उघडकीला आली. एका मॅनेजरने धीर करून क्लायंटला विचारलं की कॉल तुमच्या सकाळी थोडा लवकर घेता येईल का? पलीकडून उत्तर आलं, हो, आम्हाला बरंच पडेल, आम्हाला वाटत होतं तुम्हालाच उशिराची वेळ सोयीची आहे.

सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. काही टीमचे कॉल संध्याकाळी सातच्या आत आले. काही मॅनेजरांनी तेच कॉल लोकांच्या घरात नेऊन बसवले, कारण घरच्या एसीला फॉर्म लागत नाही. मीसुद्धा कितीदा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या लपवत बोलले आहे. राव सरांना हे सांगितलं तेव्हा ते विचारात पडले. "घरासाठीं फॉर्म कसा करायचा मा?" असं दोन-तीनदा म्हणाले. त्याचं उत्तर त्यांना सापडलं नाही. पट्टे मात्र गोळा झाले. एका खोक्यात भरून, वर चिठ्ठी लावून तळमजल्यावर गेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पट्टे. झोप मोजतात, कोणाची ते सांगत नाहीत.'

दुसरी समज त्यांना मिळालीच नाही. त्यांनी दोनदा आठवण करून दिली, तरीही.

वर्षभरात ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नंदिनी मॅडमनी दुपारी त्यांच्यासाठी विश्रांतीची खोली स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवली होती. ते आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले. "वास येतो मॅडम," म्हणाले, "झोपच उडाली."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते प्रभाकरनच्या लग्नात, वेलचेरीला. मुहूर्त भल्या पहाटेचा. आमचं अख्खं ऑफिस जांभया देत मांडवात बसलेलं, आणि राव सर रेशमी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून, आंघोळ करून, ताजे, पाटीच्या शेजारी पहिल्या रांगेत. प्रभाकरनचा खांदा सावरला होता. हार घालताना तो हात मात्र जरा कमी वर जायचा. नवरी उंच होती, तिनेच मान खाली केली.

नाश्ता करून मी हॉलच्या फाटकाशी ऑफिसच्या गाडीची वाट पाहत उभी होते. उजाडलं होतं. समोर गिंडीला जाणारी शेअर ऑटो उभी होती, माणसांनी गच्च भरलेली. अंबुजाबाई आत बसल्या होत्या, मांडीवर लग्नातल्या नारळाची पिशवी. राव सर ड्रायव्हरजवळच्या जागेवर चढणार, तेवढ्यात त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ड्रायव्हरचे डोळे तांबडे होते. रात्रभर गाडी हाकली असावी. सर वाकून काहीतरी बोलले. ड्रायव्हरने मान हलवली, हसला, एकदा डोळे चोळले.

दुसऱ्याच क्षणी राव सर त्याला दंडाला धरून रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीकडे घेऊन निघाले होते. ऑटोतून ओरडा सुरू झाला. एक बाई ऑफिसला उशीर होतोय म्हणत होती, एक जण शिट्टी मारत होता.

"अहो, या की!" अंबुजाबाईंनी हाक मारली. "असकी लोकं थांबलीत!"

राव सरांनी मागे न वळता हात वर केला, थांबा अशा अर्थी. टपरीवाल्याने ड्रायव्हरपुढे पेला ठेवला. त्याने पहिला घोट घेऊन डोळे मिटले. राव सर शेजारी उभे, अगदी निवांत, जणू त्यांना कुठेच जायचं नव्हतं. तो पेला संपायला आला तसं त्यांनी दुसरा मागवला.

ऑटोतला एक माणूस वैतागून उतरला आणि स्वतःच गाडी सुरू करावी म्हणून पुढच्या जागेवर बसला. खाली वाकून चाचपलं, इकडे तिकडे पाहिलं.

ऑटोची किल्ली राव सरांच्या शर्टाच्या खिशात होती.